चॉकलेट देणाऱ्या माणसाचा फोटो

तुमच्या फोनमध्ये आत्ता अशा माणसाचा फोटो आहे का, ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत आणि ज्याच्याखाली 'सावध राहा' लिहिलंय?

तो मजकूर कदाचित माझा असेल.

वसईला आमच्या घरातून पत्रकं निघत. बाबा मजकूर सांगत, मी घड्या घालत असे. त्यांचा नियम एकच: दोषी कोण ते नावानिशी छापा, नाहीतर पत्रक भेकड. बिल्डरांविरुद्ध, टँकरवाल्यांविरुद्ध तो चालला. तोच घेऊन मी दुबईला आले.

अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एसी दुरुस्त करणारा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलीला चॉकलेट देताना कुणीतरी पाहिला. ग्रुपवर सगळ्या आया घाबरल्या. आता लिहिणार कोण? मीच. फोटो, नाव, कंपनी, सगळं घातलं. पाठवलं, आणि माझ्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आंटीला हिंदीत वाचून दाखवलं. मला फार अभिमान वाटत होता.

आंटी दक्षिण रशियाची, इथे पार्लरमध्ये काम करता करता हिंदी शिकलेली. ऐकता ऐकता तिने चहाखालचा गॅस बंद केला. तिच्या लहानपणी, सोव्हिएत काळात, त्यांच्याकडे बायका-मुलं नाहीशी व्हायची आणि झाडीत प्रेतं सापडायची. लोकांना कुणीतरी गुन्हेगार हवाच होता. तिचा मामा आधी एकदा तुरुंगात जाऊन आलेला. त्याला उचललं, मारून कबूल करायला लावलं, गोळी घातली. शेजारी आजीच्या दारावर थुंकायचे. खून मात्र चालूच राहिले. पुष्कळ वर्षांनी खरा खुनी सापडला: टाय लावणारा, बायकामुलांचा, कधीकाळी मास्तर. मध्ये एकदा तो हातात येऊनही सुटला होता.

"मामा सभ्य दिसायचा नाही," आंटी म्हणाली. "तुझा एसीवाला दिसतो?"

मी जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर गेले. आईच्या आधी मुलगीच बोलली, "इट वॉज ईद. ही गेव्ह एव्हरीवन."

ईदचं चॉकलेट. सगळ्या पोरांना. हे त्या पोरीला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी मेसेज पुसला, पण तोवर तो चार ग्रुप फिरून त्याच्या कंपनीत पोचला होता. सुपरवायझरने त्याला लांब फुजैराच्या साइटवर टाकलं आणि व्हिसा रद्द करायचे कागद काढले. मी आणि त्या मुलीची आई तिकडे गेलो. चूक माझी, असं माझ्या सहीने लिहून दिलं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याने फोन पुढे केला. त्या सकाळीच तो फोटो पुन्हा आला होता, शारजाहून.

"हे येत राहिलं तर मी त्याला ठेवू कसा?" तो म्हणाला. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला, इन्शाल्ला.

एसीवाला बाहेर पत्र्याच्या सावलीत उभा होता. त्याने आम्हाला पाणी आणून दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

तो फोटो तुमच्याकडे असेल तर आत्ता पुसा. आणि ज्याने पाठवला त्याला लिहा, फोटोतल्या माणसाने काही केलेलं नाही.