खालून खटखट… आणि पाठीमागून दोन ठोके

भूतबीत कोणी बोललं की मी तोंडावर शिवी घालतो. सातवी नापास माणूस आहे, पण एवढी अक्कल आहे मला. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा. मोबाइलवर एका बोटाने लिहितोय.

मी परळचा. माझा पिकअप आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून सुकी मासळी उचलायची आणि दादर, लालबागच्या बाजारात टाकायची. धंदा दोघांचा, माझा आणि बायकोचा. सुमन गेल्या शिमग्यानंतर गेली. आता मी एकटाच.

पावसात हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं की गाडी बंद पडायची, म्हणून स्प्रिंगांचे पाटे वाढवून गाडी उंच करून घेतली. झाली मस्त उंच! पण दुसऱ्या दिवसापासून खालून आवाज. ॲक्सिलेटर सोडला की घर्रर्र… खट… खट…

अन्वर मिस्त्री म्हणाला, "काका, गिअरबॉक्स गेलाय. उतरवायला लागेल."

मुलगी सुरेखा वैतागली. "बाबा, पुरे झालं. रविवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाका."

"आवाज गेला तर?"

"गेला तर ठेवा. पण नाही जाणार तो."

त्या गाडीत सुमनचा वास आहे. बोंबलाचा म्हणा हवं तर. मला ती विकायची नव्हती.

शनिवारी सकाळी मी अन्वरला बोललो, "गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी एकदा नीट ऐक." तो मागे हौद्यात पालथा झोपला, कान पत्र्याला लावून. मी गाडी काढली. लालबागच्या पुलाच्या तोंडाशी आलो, चढावासाठी रेस वाढवणार…

ठक! ठक!

माझ्या डोक्यामागे, केबिनच्या पत्र्यावर. पायाने आपोआप ब्रेक मारला. मागचा टॅक्सीवाला ओरडला, "ओ चाचा, घर का आंगन है क्या?"

मी उतरलो. "काय झालं रे? कशाला ठोकलंस?"

अन्वर हौद्यात उठून बसला होता. "मी? मला वाटलं तुम्ही ठोकलंत! मी तर पार मागे होतो काका, दोन्ही हातांनी मागचा फाळका धरून."

अंगावर सर्रकन काटा आला. सांगतो का ते. टोपल्यांनी गाडी भरली की सुमन हौद्यात बसायची. टोपली घसरली की बांगड्यांच्या हाताने केबिनवर दोनदा ठोकायची, थांब म्हणून. तसंच होतं हे. बांगडीची किणकिणसुद्धा! अन्वर पण तेच बोलला, मी काही सांगायच्या आधी – "कोणा बाईच्या हातासारखं वाटलं."

गाडी कडेला घेतली. अन्वर खाली घुसला आणि तिथूनच बोंबलला, "या अल्ला! काका, बघा इकडे!"

मागच्या चाकांना फिरवतो तो लांब शाफ्ट. गाडी उंच केल्यावर तो तिरका झाला होता. त्या तिरकेपणाने त्याचा जॉइंट खाल्ला होता, जॉइंटची टोपी निम्मी बाहेर. चढावावर रेस दिली असती तर शाफ्ट रस्त्यावर, आणि मागे सगळ्या गाड्या.

गिअरबॉक्स एकदम ठीक होता. अन्वरने नवा जॉइंट टाकला, पाट्याखाली पाचर देऊन शाफ्ट सरळ केला. आवाज बंद! गिऱ्हाइकाला मी गेटवरूनच परत पाठवलं. सुरेखाला सगळं सांगितलं. ती खाली गेली आणि रिकाम्या हौद्यात जाऊन बसली.

अन्वर आता म्हणतो, सुटा जॉइंटच वाजला असेल. अरे, जॉइंट खाली, ठोका डोक्यामागे! आणि बांगडी? भास म्हणाल, तर दोघांना एकदम, एकसारखा? कोणाला ठाऊक असेल तर लिहा.

हॉस्पिटलात मी तिच्या उशाशी बसून होतो. "सुमन, काहीतरी बोल गो" म्हणत होतो. एक शब्द बोलली नाही, तशीच गेली. आणि आली ती त्या मेल्या जॉइंटसाठी!