मोरोपंतांचे दारूचे पेले

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलात की कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, करंदीकर सर कुठे राहतात. तो पत्ता सांगेल आणि वर आवाज खाली आणून विचारेल, "दारूच्या ग्लासवाले ना?" माणसाने भूगोल शिकवण्यात उभी हयात घालवावी, निम्म्या गावाकडून जगाच्या राजधान्या घोकून घ्याव्यात, दर दोन ऑक्टोबरला व्यसनमुक्तीवर घसा बसेपर्यंत बोलावं, आणि म्हातारपणी ही पदवी मिळवावी.

बरं, मोरोपंतांनी दारूच्या थेंबाला कधी जीभ लावलेली नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेत नाहीत. हा रोग त्यांना जडला तो अमेरिकेत, मुलाकडे, अनयकडे गेले असताना. तिथे एका रविवारी शेजाऱ्याने घरातली अडगळ अंगणात विकायला मांडली होती. त्यात एक बोटभर उंचीचा, जाड बुडाचा पेला होता. जुन्या काळी तिकडचे दारूवाले गिऱ्हाइकांना असे पेले फुकट वाटत. त्यावर दुकानाचं नाव, गावाचं नाव आणि एखादी फुशारकी. आपल्याकडे सराफ दिवाळीला कॅलेंडर देतो, तोच प्रकार. फक्त कॅलेंडरात काही ओतून पिता येत नाही.

त्या पेल्यावरचं गाव मोरोपंतांना नकाशात सापडेना. ते केव्हाच ओस पडलेलं होतं. झालं. गाव नकाशात नसणं हा ज्याला स्वतःचा अपमान वाटतो, त्याला याहून कडक नशा कुठली मिळणार? परत आल्यावर त्यांनी इंटरनेटवरच्या लिलावांचा पत्ता काढला आणि पेन्शनीत माणसाने करू नये ते सगळं सुरू केलं. तिकडचा लिलाव संपायचा तो नेमका आपल्या सकाळच्या पूजेला. मोरोपंत डाव्या हाताने घंटा वाजवत आणि उजव्या हाताने मोबाइलवर बोली चढवत. देवाला वाटत असेल, आज भक्ती फार दाटून आली आहे.

सुहासिनीबाई या पेल्यांना 'खोकल्याच्या औषधाची झाकणं' म्हणत. त्यांचं माहेर पेणचं. घर टापटीप ठेवणं हा त्यांचा धर्म, आणि दिवाणखान्यातली शोकेस हा त्या धर्माचा गाभारा. तिथे अनयचे कप होते, काश्मीरहून आणलेला शिकारा होता; दारूच्या भांड्यांना तिथे मज्जाव. पेले राहत जुन्या कपाटाच्या खालच्या फळीवर, बुटाच्या पॉलिशशेजारी. कधी मोरोपंत एखादा पेला हातात घेऊन सांगायला लागत, अगं, हे गाव बघ, दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. तर बाई विचारत, कुकरच्या शिट्ट्या मोजताय ना? मोरोपंतांची अपेक्षा काही मोठी नव्हती. तिला पेले आवडावेत असंही नाही. तिने फक्त एकदा, आपणहून, 'हे गाव कुठलं' एवढं विचारावं. जन्मभर ज्यांना उत्तरं दिली त्यांनी मार्कांसाठी विचारलं होतं. बायकोने विचारावं असं त्यांना फार वाटे, आणि ते सांगायची लाजही वाटे.

मग तो पेला आला. नदीकाठच्या एका धक्क्यावरच्या दुकानाचा. ते गाव पुरात गेलं आणि पुन्हा वसलं नाही. 'नाव सुटण्याआधी एक' अशी त्यावर इंग्रजीत ओळ होती. जगात असे दोनच पेले ठाऊक होते. पहिला केंटकीतल्या वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याने मोरोपंतांच्या नाकावर टिच्चून पळवला होता. दुसरा मोरोपंतांनी मारला, ऐन आरतीत. वॉल्टर हा संग्राहकांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याने दिलदारपणे अभिनंदन कळवलं आणि पेला हाती आला की एखाद्या रविवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये तो सर्वांना दाखवायचं निमंत्रण दिलं. मोरोपंत आठवडाभर स्वतःशीच 'मिस्टर करंदीकर ऑफ रोहा' म्हणत फिरत होते.

वैशाखात सुट्टीवर आलेल्या अनयने पेला आणून हातात ठेवला. अक्षरं इतकी फिकट की उजेडात तिरपा धरल्याशिवाय वाचता येईनात. मोरोपंतांना तेच प्यारं होतं. ती फिकट पांढरी अक्षरं म्हणजे त्या पेल्याचा जन्मदाखला. जेवताना ते हळवे होऊन म्हणाले, "किती पुसट झालीत गं अक्षरं." सुहासिनीबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे ओले होते.

आता पेणचा माणूस हा जगावेगळा. पुसट झालेली वस्तू पाहून दुसऱ्या कुणाला गलबलून येईल. पेणच्या माणसाला तिच्यावर रंगाचा हात मारावासा वाटतो. देवाचे डोळे जिथे दरवर्षी नव्याने आखले जातात, तिथे जुनेपणाचं कौतुक कोण करणार? पुढच्याच आठवड्यात बाई गणपतीचा पाट द्यायला पेणजवळ, मूर्तिकारांच्या जोह्याला निघाल्या. मूर्ती घरच्या पाटावरच घडवायची, म्हणून पाट कारखान्यात आधी नेऊन द्यायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. त्या पाटाबरोबर, पंच्यात गुंडाळून, पेलाही गेला.

त्या दोन दिवस पेणला माहेरी राहिल्या. इकडे मोरोपंतांनी कपाट उघडलं, तर पेला जागेवर नव्हता. घर उलथंपालथं केलं. पोलिसांत जावं, तर काय सांगणार? व्यसनमुक्तीवाल्या सरांचा दारूचा ग्लास हरवलाय? बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, येतेच आहे उद्या, शोधू. आवाजात एवढी खुशी होती की मोरोपंतांना तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पंचा उलगडला.

अक्षरं शेंदरी झाली होती, तीही सोनेरी कडांची. काठाला कमळाच्या पाकळ्या होत्या. आणि वर जी जागा मोकळी होती, तिथे ठसठशीत 'श्री'. जोह्याच्या कारखान्यात मूर्ती रंगवणाऱ्या कृष्णाबाईंच्या हातून वस्तू मोकळ्या कपाळाने बाहेर पडत नाही. बाई कौतुकाने सांगत होत्या की कृष्णाबाईंनी पेला हातात घेतल्या घेतल्या म्हटलं, "अक्षरं पार मेली हायत गो बाय. बस वाईच, जीव घालते त्यांच्यात." मूर्तीचे डोळे आखायची बारीक कुंचली घेतली, वर वॉर्निश मारलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मोरोपंतांनी शेकडो वेळा वापरली होती. ती घशात अडकते कशी, हे त्यांना आत्ता कळलं. खरवडावं, तर खालची मूळ अक्षरंही निघून येतील. ओरडावं, तर समोर सुहासिनी उभी. शेंदराचा एक ठिपका तिच्या अंगठ्याला लागलेला. "कसा झालाय?" तिने विचारलं. त्यांच्या पेल्यांबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"आता वाचता येतं," मोरोपंत म्हणाले.

बाईंनी अनयचा एक कप बाजूला सारला आणि पेला शोकेसच्या मधोमध ठेवला. पुरातून वाचलेल्या व्हिस्कीच्या भांड्याला श्रीकृपेने गाभाऱ्यात प्रवेश मिळाला.

मीटिंगचा रविवार यायचा तो आलाच. पेला फुटला म्हणून सांगायचं मोरोपंतांनी ठरवलं होतं. पण बाई ठेवणीतली साडी नेसून शेजारी येऊन बसल्या आणि जास्वंदीचं फूल घालून पेला त्यांनी टेबलावर मांडला. पळवाट बंद. मोरोपंतांनी पेला उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावरची सगळी डोकी पुढे झुकली आणि तशीच राहिली. वॉल्टरने विचारलं, हे कुणी केलं? मोरोपंतांनी चष्मा सारखा केला आणि इंग्रजीत सांगितलं, माझ्या बायकोने करवून घेतलं, माझ्यासाठी. त्यावर वॉल्टर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

"काय म्हणतायत हो ते?" बाईंनी विचारलं.

"म्हणतायत, असा पेला जगात दुसरा नाही."

वॉल्टर खरंच तसं म्हणाला होता. पुढे त्याने 'आणि देवकृपेने दुसरा होऊही नये' असंही जोडलं होतं. तेवढं मोरोपंतांनी कुंडलिकेत सोडून दिलं. मंडळाची निमंत्रणं त्यानंतर आली नाहीत. मिस्टर करंदीकर ऑफ रोहा पुन्हा अष्टमीचे दारूच्या ग्लासवाले झाले. त्यांना वाईट वाटलं, पुष्कळच वाटलं.

बाईंच्या डोक्यात मात्र निराळाच हिशोब चालला होता. "बाकीचे कधी न्यायचे कृष्णाबाईंकडे? आषाढ लागला की तिला मान वर करायला फुरसत नसते."

मोरोपंतांनी एक रात्र काढली आणि सकाळी कपाटातून दोन पेले निवडले. एकाचा काठ उडालेला, दुसऱ्याची घरात जोडी होती. बोकड निवडतानाही माणूस इतका विचार करत नसेल. पेणच्या एसटीत बाईंनी खिडकीची जागा पकडली आणि पंचा मांडीवर घेतला, गणपती घरी आणताना धरतात तसा दोन्ही हातांनी. कोलाडचा फाटा गेल्यावर त्यांनी एक पेला बाहेर काढला, तिरपा करून उजेडात धरला आणि अक्षरं लावत लावत वाचली.

"हे गाव कुठे आलं हो?"

मोरोपंतांनी घसा खाकरला. नागोठणं आलं आणि गेलं, वडखळच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली, तरी सरांची मिसिसिपी समुद्राला मिळाली नव्हती, आणि बाई मधे एकदाही कुकरबद्दल बोलल्या नाहीत. जोहे जवळ येत होतं. त्या गावाच्या नावावर आता तासाभरात शेंदूर चढणार होता. मोरोपंत मनातल्या मनात कपाटातले उरलेले पेले मोजत होते, आणि पुढच्या खेपेला कुठला आणायचा ते ठरवत होते.