सदाशिवकाकांचे तीन साक्षीदार

सदाशिवकाका पेपर वाचत नसत, तपासत असत. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? गुलमंडीजवळच्या आमच्या वाचनालयात ते कुलूप निघायच्या आधीच पायरीवर बसलेले असत. हातात लांबोडकी वही. पानावर उभ्या रेघा मारायच्या आणि एकेका रकान्यात एकेक पेपर घ्यायचा: मराठी, हिंदी, उर्दू. उर्दू त्यांना वडिलांनी शिकवली होती. ते निजामाच्या महसूल खात्यात होते. एकच बातमी तिन्हींकडं कशी आलीय, कुणी काय लपवलंय, कुणी किती फुगवलंय, हे सगळं त्या वहीत उतरायचं.

त्यांचा एक नियम होता. एकानं छापलं तर अफवा, दोघांनी छापलं तर ऐकीव, तिघांनी छापलं तर खरं. कोर्टात तीन साक्षीदार एकच बोलले की न्यायाधीशही मान डोलावतो, असं ते म्हणत. मात्र दोन पेपरांतली वाक्यं सारखी दिसली की ते दोन धरायचे नाहीत, एकच धरायचे. सरकारी प्रेसनोट आहे हे त्यांना वासावरून कळायचं.

आता माझं सांगतो. मी तेव्हा त्या तीनपैकी मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी ड्युटीवर जाण्याआधी तासभर वाचनालयात टेकायचो. काका मला सोडायचे नाहीत. "तुमचं आणि शेजाऱ्याचं वाक्य एकच कसं हो? एकाच ताटात जेवता का?" असं चारचौघांत विचारायचे. सगळे हसायचे, मीही हसायचो, पण आत जळायचो. मग मी एक केलं. प्रेसनोट आली की ती मुळापासून नव्यानं लिहायची. शेवटचं आधी, आधीचं शेवटी, मध्ये एखादं झाड, थोडा वारा, आणि वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'. काकांनी मला त्यानंतर एकदाही पकडलं नाही, आणि मूर्खासारखा मी त्याला लेखनाची प्रगती समजत होतो.

दोन हजार अठराचा पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि पहिल्या पानावर रोज नवा उड्डाणपूल, नवी इलेक्ट्रिक बस. काकांनी त्या डिसेंबरात मोजून काढलं होतं: बसला पहिलं पान आणि रंगीत फोटो, टँकरला पाचवं पान, तेही त्या दिवशी जाहिरात कमी पडली तर. "धूर नसलेल्या गाडीचं कौतुक आहेच हो," ते म्हणायचे, "पण ती उभी राहणार ती जागा कुणाची, हे एकाही रकान्यात येत नाही."

ही जागा कुणाची, तर आप्पाची. म्हणजे कागदावर सरकारची, गायरान. फर्दापूरच्या अलीकडं आप्पा आणि कस्तुराबाईची धनगरवस्ती होती. आप्पा दर हिवाळ्यात घोंगड्या विकायला गुलमंडीत यायचा आणि गठ्ठा वाचनालयाच्या पायरीवर टेकवायचा. त्यावरून काकांची आणि त्याची बारा-पंधरा वर्षांची ओळख. गायरानात एक जुनी विहीर होती. बहात्तरच्या दुष्काळात आप्पाच्या बापानं आणि वस्तीनं मिळून ती खोल केली होती, आणि अठराच्या या दुष्काळातही सगळ्या शिवारात तेवढीच ओली होती. दीडशे मेंढरं आणि अकरा घरं तिच्यावर होती.

जानेवारीत आप्पा आला तेव्हा गठ्ठा नव्हता. लेण्यांकडं जाणाऱ्या इलेक्ट्रिक बसचा डेपो त्यांच्या शिवारात होणार होता. माणसं येऊन मोजणी करून गेली. गायरानात का, असं विचारलं तर म्हणाली, आम्ही सगळीकडंच मोजतो. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत तहसीलीत द्यायची, असा कागद पंचायतीच्या फळ्यावर लागला होता, पण त्यात नुसते गट नंबर, जागा नेमकी कुठली ते त्यावरून कळेना. आणि इकडं चारा संपलेला. मेंढरं घेऊन चार दिवसांत गोदाकाठाला निघायला हवं होतं. निघालं तर हरकत द्यायला वस्तीवर बायका-पोरांशिवाय कुणी राहत नव्हतं, थांबलं तर मेंढरं राहत नव्हती.

"सायेब, तुमी सगळे पेपर बघता," आप्पा म्हणाला. "आमी निघावं का ऱ्हावं, येवढं सांगा."

काकांनी त्याला चहा पाजला आणि आठवड्याचे अंक काढले. माझ्या दैनिकात होतं: डेपो टेकडीलगतच्या खडकाळ माळावर. हिंदीत तेच होतं, उर्दूतही तेच. तिन्ही बातम्यांची चाल वेगळी, सुरुवात वेगळी. माझ्या बातमीत तर माळावरच्या पळसाचंही वर्णन होतं. चौथा कागद होता तालुक्याचं एक साप्ताहिक. त्यात कारभारी नावाच्या वार्ताहरानं सहा ओळी लिहिल्या होत्या: जागा बदलली, चुन्याच्या खुणा गायरानात, विहिरीला लागून. बाकी पानभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. काकांनी तो कागद दोनदा वाचला, आणि खाली ठेवला.

"तिघं माळ म्हणतायत. तुम्ही बिनघोर जा," ते म्हणाले. माझी बातमी त्यांनी कात्रीनं नीट कापून आप्पाला दिली. कुणी विचारलं तर दाखवा म्हणाले. मी समोरच्या खुर्चीत होतो. माझी बातमी साक्षीला उभी राहिली म्हणून मला बरंच वाटलं. चौकशी करावी, एक फोन लावावा, हे मनात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं, पण ड्युटीची वेळ झाली होती.

आप्पा गेला. पोरगा भारत आणि मेंढरं घेऊन पैठणच्या खाली उतरला. कस्तुराबाई लहान कोकरांपाशी वस्तीवर राहिली. मार्चमध्ये जेसीबी आलं ते सरळ गायरानात. कस्तुराबाई ते कात्रण घेऊन मशीनपुढं उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यात काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. मुकादमानं ते वाचलं आणि वाईट न बोलता परत दिलं. म्हणाला, मावशी, पेपरात कायबी येतं, माझ्याकडं नकाशा हाय. दोन दिवसांत विहीर मुरमानं बुजली. तिसऱ्या दिवशी त्यावर रोलर फिरला.

मृग लागता लागता आप्पा आणि कस्तुराबाई वाचनालयात आले. आप्पा निम्मा झाला होता. आता हरकत देता येईल का, एवढंच विचारायला आले होते. मुदत फेब्रुवारीतच संपली होती. काकांनी ते मान खाली घालून सांगितलं.

आप्पाच त्यांची समजूत घालायला लागला. "तुमचा काय दोस, सायेब. पेपरातच चुकीचं आलं व्हतं."

"पेपरात बरोबर आलं होतं," काका म्हणाले. "एका पेपरात. तो मी खाली ठेवला."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेष्टा नव्हती, राग नव्हता. खरोखर कळत नव्हतं त्यांना. तुमचा प्रतिनिधी तर माळावर जाऊन आला होता, मग चूक कशी झाली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की कुणीच गेलं नव्हतं, जुनी प्रेसनोट होती. हिंदीची? तीच, काटछाट केलेली. उर्दूची? तीच, भाषांतरात बदललेली.

"पण तुमची वाक्यं तर वेगळी होती," काका म्हणाले.

"ती मी वेगळी केली होती, काका. तुम्हाला कळू नये म्हणून."

काकांनी वहीतलं जानेवारीचं पान उघडलं आणि तिन्ही रकान्यांवरून मिळून एकच आडवी रेघ मारली. ते तसं पाहवेना, म्हणून मी खिडकीकडं बघत बसलो. आयुष्यात मला एवढी शरम कधी वाटली नाही.

आमचं हे वाक्यांचं बोलणं कस्तुराबाईला कळलं नव्हतं. ती आळीपाळीनं आम्हा दोघांकडं पाहत होती. शेवटी तिनं मलाच विचारलं, कारण तिच्या लेखी मी पेपरातला माणूस होतो.

"दादा, तुमी आता खरं छापा की. ही हीर हितं व्हती म्हनून. येवढं छापलं तर उकरून देतील का?"

मी नाही म्हणालो.

तिनं मान हलवली आणि आप्पाला उठवलं. त्या दिवाळीच्या आत त्यांनी सगळी मेंढरं विकली.