स्प्रिंगला बांधलेला दोर

दोराची अक्कल माझी होती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात हा किस्सा निघाला की यजमानांच्या धाडसाचंच कौतुक होतं, म्हणून सांगावं लागतं.

यजमान पूर्णेला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. परभणीच्या एका डॉक्टरांनी हैदराबादच्या कुणा जहागीरदाराकडून दोनच माणसांची, बुटकी विलायती मोटार घेतली होती. निजामाचं राज्य गेल्यावर अशा पुष्कळ वस्तू विकायला निघाल्या. ताडकळसच्या रस्त्यावर तिचं पुढचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत आदळलं आणि आतली स्प्रिंग मोडली. मुंबईहून दोन नव्या आल्या, पण बसवणारं कुणी मिळेना. "त्यात काय, आमी इंजिनं उघडतो," असं यजमान बोलून बसले आणि मोटार आमच्या क्वार्टरच्या अंगणात आली.

स्प्रिंग वीतभर दाबल्याशिवाय जागेवर जाणार नव्हती. शेडमधल्या पेच आवळायच्या शिकंज्यात दाबली, तर शिकंजा मोटारीत मावेना. मग मी शहाणपण शिकवलं. माझ्या माहेरी कडब्याची गाडी अंबाडीच्या दोरानं बांधत आणि दोरावर पाणी मारत. अंबाडी भिजली की आवळते. यजमानांना ते एकदम पटलं. तीन ठिकाणी दोर बांधून भिजवला, शिकंजा काढला. स्प्रिंग दबलेलीच राहिली. मला माझाच अभिमान वाटला.

स्प्रिंग आत ठेवून यजमान मोटारीखाली आडवे झाले. तोंड स्प्रिंगपासून हातभर लांब. स्प्रिंग जागेवर धरून ठेवणारा एक बोल्ट खालच्या दांड्यात घालायचा राहिला होता, तो जाईना. काढला, कानशीनं घासला, पुन्हा घातला. तेवढ्यात अंगणातल्या कडुलिंबाची सावली सरकली आणि ऊन थेट दोरावर आलं.

दोर कुरकुरला. भिजलेलं वाळतं आणि वाळलेलं सैल पडतं, एवढंही मला आधी सुचलं नव्हतं. कडब्याच्या दोन पेंढ्या घसरल्या तर उचलता येतात. इथं तर माझ्या माणसाचं तोंड होतं. सांगावं तर ते घाईनं बाहेर निघताना स्प्रिंगला धक्का लावणार. न सांगावं तर? मी तांब्यानं पाणी ओतत राहिले.

"कशाला ओतायलीस सारखं? डोळ्यात जायलंय."

"ऊन लय हाय," मी म्हणाले.

घागर संपली. नळ दुपारशिवाय येत नसे. घरातलं प्यायचं पाणी आणलं, तेही संपत आलं. मधला दोर आता बोटभर ढिला दिसत होता. मी पदर शेवटच्या तांब्यात बुचकळला, दोराभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी आवळून धरला. एवढ्या जोराची स्प्रिंग माझ्या हातांनी थांबणार नव्हती, हे मला कळत होतं. तरी हात सुटेनात.

"हात काढ," ते खालून म्हणाले.

"बोल्ट घाला तुमी."

बोल्ट गेला. ते हळूहळू सरकत बाहेर आले, तेव्हा मी पदर सोडवला. लांब काठीला विळा बांधून त्यांनी एकेक दोर कापला. शेवटच्याला स्प्रिंग अशी धाडकन बसली की लिंबावरचे कावळे उडाले. मी ओला पदर पिळत खाली बसले.

"मला दिसत होतं खालून, दोर ढिला पडायला," ते म्हणाले. "तू भिशील म्हणून बोललो न्हाई."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. ते हसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "दुसऱ्या बाजूची उद्या बसवू. दोर हाय अजून."

मी उठले. उरलेला दोर आत नेला, चुलीत घातला आणि पूर्ण जळेपर्यंत तिथंच बसले. ते दारात येऊन उभे राहिले.

"आता बांधायचं कशानं?"

"शेडमधल्या लोकांना विचारा. म्हणावं, मला येत न्हाई."

सगळ्या पूर्णेत त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. दोर आवळून लाल झालेल्या माझ्या हातांकडे त्यांनी बघितलं, मग चपला घालून शेडकडे गेले.