मुरलेल्या तारा

जुन्या इंदुरातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारे ते गृहस्थ कुणालाही "चुकलं" म्हणत नाहीत. "मजा आली, एक बार और," एवढंच म्हणतात.

माझ्या मुलीचं पहिलं रेकॉर्डिंग होतं. सणाला नवे कपडे घालावेत तशा तिने बेस गिटारला नव्या तारा लावल्या होत्या. बोट सरकलं की त्यांची किरकिर गाण्यात उतरायची.

"बाबा, घरी चला. मला येतच नाही," ती रडवेली झाली.

"बेटा, बोटं बढिया आहेत. ताराच जास्त चमकतायत," ते गृहस्थ म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बेसच्या वाजवून मुरलेल्या, चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत तारा काढून तिच्या बेसवर चढवल्या. आवाज गोल, भरदार आला.

"भिया, तुमचा बेस उघडा पडला," मी म्हणालो.

"पडू द्या. त्यालाही कधी छुट्टी पाहिजे!"

घरी ते गाणं लागलं की मी अजून मनातल्या मनात त्यांना हात जोडतो.