जिल्हा कुलाबा

धर्मातात्यांना कुणी नुसतं नाव विचारलं तरी ते पत्त्यासकट सांगत. "धर्मा पाटील, मुक्काम लोधिवली, पोस्ट चौक, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा." एस.टी.त शेजारी बसलेल्याला, दवाखान्यात कंपाउंडरला, एकदा तर बांधावरून वाट विचारणाऱ्या परक्यालाही. मी त्यांच्या गावात शाळामास्तर. आधी वाटलं, भाताची खाचरं सोडून कुठं न गेलेल्या माणसाला पत्त्याचा अभिमान असावा.

त्यांचा गणपत हवाई दलाच्या एका स्क्वाड्रनमध्ये, मालवाहू विमानांवर वायरलेस सांभाळायचा. बर्फातल्या ठाण्यांवर धान्य टाकायला गेलेलं त्याचं विमान परतलं नाही. काहीच सापडलं नाही. गावानं मात्र वेळ दवडला नाही. नाक्यावर 'हुतात्मा' अशी पाटी लागली. उद्घाटनाच्या भाषणात गणपतचं नाव एकदाच आलं, तेही चुकीचं. तात्या तिकडं फिरकलेच नाहीत. म्हणाले, "पोरगा हरवलाय, मास्तर. यांना हाराची घाई."

काही वर्षांनी स्क्वाड्रननं आपला इतिहास छापला. एक प्रत तात्यांना टपालानं आली. इंग्रजी, म्हणून वाचायला मी. तात्या टोपी घालून ओट्यावर बसले, गणपतची आई, म्हणजे काकी, दाराआड. मी सांगत गेलो: स्क्वाड्रन कशी उभी राहिली, पुरात अडकलेल्यांना तिनं अन्न कसं पोचवलं, मानाचं निशाण तिला कसं मिळालं. निशाणाच्या समारंभाला पानंच्या पानं होती. गणपतच्या विमानाला एक परिच्छेद. खाली त्याचं नाव, आणि नावापुढं एक शब्द.

"बेपत्ता," मी म्हणालो.

"बेपत्ता कसा?" तात्या माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "ज्याला पत्ता नाय तो बेपत्ता. माज्या पोराला पत्ता हाय. शाळंत घालायच्या आदी पाठ करून घेतलाय मी. कर्जतच्या बाजारात हरवला व्हता, तवा पत्ता सांगूनच घरी आला."

दाराआडून काकींचा हुंदका ऐकू आला. तात्यांच्या सवयीचा अर्थ मला तेव्हा लागला. गणपत कधी कुणाला वाट विचारील, सांगता येत नव्हतं.

पुढं जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं. फटाके वाजले, भाषणं झाली. संध्याकाळी तात्या शाळेत आले.

"नाव झ्याक हाय, मास्तर. म्हाराजांच्या गडाचं हाय, आपुन काय बोलनार? पन पोराला कुलाबाच ठावं हाय. तो कुलाबा इचारील, आन् लोक म्हनतील, आसा जिल्हाच नाय."

मी फळा पुसायला घेतला.

तात्या गेले तेव्हा उत्तरकार्याच्या पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. शोकाकुलांत पहिलं नाव कुणाचं घालू, हे विचारायचा मला धीर होईना. काकींनीच सांगितलं, "चिरंजीव गणपत, आसं लिवा."

कर्जतच्या छापखानेवाल्यानं कागद वाचून पेन्सिल उचलली. "गुरुजी, जिल्ह्याचं नाव जुनं पडलंय. रायगड करू ना?"

"राहू द्या," मी म्हणालो. "त्यांचा मुलगा बाहेरगावी असतो."