जुन्या लॉकसाठी नवा बोर्ड

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरचा कॉम्प्युटर हवा मारून स्वच्छ करायला घेतला. ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात नव्हतं त्यांना हे विचित्र वाटेल. पिंपरीच्या ज्या कंपनीच्या टूलरूममधून आबा रिटायर झाले, तिथं दसऱ्याआधी प्रत्येक मशीन पुसायचं, कॉम्प्रेसरच्या नळीनं सांदीकोपऱ्यातला लोखंडाचा कीस उडवायचा आणि मग झेंडूची माळ घालून पूजा करायची, असा रिवाज. घरी लेथ नाही, मिलिंग नाही. तेव्हा पूजेला कॉम्प्युटर. आबा राहतात त्या ताथवड्यातल्या आमच्या जुन्या घराला लागून एक वर्कशॉप आहे. आबा कॅबिनेट उचलून तिथं गेले, झाकण काढलं आणि नळी धरली. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी कुणी सोडलेलंच नव्हतं. ते हवेबरोबर थेट आत गेलं. नोकरीभर "आधी टाकीतलं पाणी सोड" म्हणून हाताखालच्यांना फैलावर घेणाऱ्या माणसानं घरी येऊन ओल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतून टक्कन आवाज आला आणि सगळं बंद पडलं.

मला फोनवर फक्त "चालू होत न्हाई" एवढंच सांगण्यात आलं. बाकीचं पुढं हळूहळू, खोदून विचारल्यावर बाहेर आलं. मी पिंपळे सौदागरला राहते आणि चाकणच्या एका कंपनीत पर्चेस खात्यात आहे. सुटे भाग विकत घेणं हाच माझा धंदा, त्यामुळे फार तर आतला एखादा भाग बदलायला असा किती वेळ लागणार, असं मी मनात म्हटलं. माझ्या शहाणपणाची हद्द तेव्हा मला माहीत नव्हती.

आई गेल्यापासून आबांचा दिवस त्या कॉम्प्युटरसमोर उगवतो. ते फिक्स्चरची ड्रॉइंग काढतात. मशीनवर काम चालू असताना लोखंडाचा तुकडा जागचा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारं साधन म्हणजे फिक्स्चर. भोसरी-चाकणचे छोटे वर्कशॉपवाले एखादा अवघड तुकडा घेऊन येतात, आबा तो हातात फिरवून बघतात, दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग तयार असतं. त्यांचं सॉफ्टवेअर फार जुनं. ते विकणारी कंपनी कधीच गुंडाळली. ते उघडायला काडेपेटीएवढं एक लॉक लागतं, आणि ते लॉक कॉम्प्युटरच्या मागच्या रुंद, गुलाबी, पुष्कळ भोकांच्या पोर्टात बसतं. पूर्वी त्यात प्रिंटरची वायर लावायचे. लॉक नाही तर सॉफ्टवेअर नाही, आणि सॉफ्टवेअर नाही तर आजवर काढलेली ड्रॉइंग उघडणार नाहीत. नवीन सॉफ्टवेअर शिका, असं मी एकदा सुचवलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

पहिलं दुकान माझ्या सोसायटीजवळचं. तिथल्या माणसानं आतला मुख्य बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, पाहून तो मेल्याचं जाहीर केलं आणि लगेच निळे-जांभळे दिवे लागणारे नवे बोर्ड काढून दाखवले. प्रोसेसर नवा, रॅम नवी, सगळंच नवं. मी गुलाबी पोर्टाबद्दल विचारलं तर म्हणाला, आता कुठं येतो तो, एक कन्व्हर्टर घ्या, काम होईल. घेतला. माझ्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर टाकून लॉक लावून पाहिलं. कन्व्हर्टरला प्रिंटर तेवढे कळत होते, लॉक त्याच्या गावीही नव्हतं. आबा शेजारी खुर्चीत बसून स्क्रीनकडे पाहत होते. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला दुकानदाराचा इतका राग आला की त्याला फोन करून दोन शब्द सुनावले, पण त्यानं आबांचं काही भलं होणार नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मेलेला बोर्ड टेबलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. इतकी वर्षं घरात असलेली वस्तू, आणि तिच्या पोटात काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. गच्चीवरून एमआयडीसी दिसावी तसा तो दिसत होता: शेड, टाक्या, आखीव रस्ते, मध्येच मोकळा प्लॉट. आबा भिंग घेऊन आले. ही बारीक नक्षी कशाची, ही उभी पिंपं कसली, या रिकाम्या पिना कशासाठी सोडल्यात, असं मी विचारायला लागले. त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्यांचा चेहरा खुलला. अनोळखी मशीनपुढं उभं राहिलं की ते असेच दिसतात. आम्ही फोनवर बोर्डाचं माहितीपुस्तक उघडलं आणि जेवण गार होईपर्यंत एकेक भाग ओळखत बसलो.

त्यातून एक गोष्ट कळली. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती प्रत्येक पिढीला बदलते, पण आबांच्या पिढीच्या खाचेचे बोर्ड आजही नव्यानं बनतात, कारण जुने प्रोसेसर लोक टाकून देत नाहीत. म्हणजे प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क सगळं तसंच ठेवता येईल. प्रश्न फक्त पोर्टाचा उरला. वापरलेल्या बोर्डांवर तो होता, पण मी पाहिले त्यांची ती पिंपं फुगलेली होती, आणि फुगलेला माल मी कंपनीसाठीही घेत नाही.

मग मला नादच लागला. चाकणला जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी बोर्डांचे फोटो मोठे करून पाहायची. शेजारच्या टेबलावरचे विचारायचे, दागिने बघताय का. मागच्या बाजूला गुलाबी पोर्ट कुठंच नव्हता. एक दिवस मागची बाजू सोडून मी बोर्डाच्या कडेचं पाहिलं. एका साध्या, बिनदिव्यांच्या बोर्डावर खाली पिनांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्याशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत एलपीटी लिहिलेलं होतं. प्रिंटरच्या पोर्टाचं हे जुनं नाव आम्ही त्या संध्याकाळीच वाचलं होतं. पोर्ट काढून टाकला होता, पण त्याची मुळं बोर्डावर ठेवली होती. मी कँटीनमध्ये एकटीच हसले.

शनिवारी आबांना आणि कॅबिनेटला घेऊन पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात गेले. तो बोर्ड तिथल्या दुकानदाराकडे होता, पण असल्या पिना त्यावर असतात हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं खोका फोडला, आम्ही तिघं वाकलो. पिना होत्या. जुन्या सामानाच्या ढिगातून त्यानं गुलाबी पोर्टाची एक पट्टी शोधून काढली, या पिनांना जुळते का तेही तपासलं, आणि बोर्ड बसवायला घेतला. आबा त्याच्या खांद्यावरून बघत होते आणि स्क्रू किती आवळायचा हे सांगायचा मोह कष्टानं आवरत होते. शेवटी लॉक लावलं. सॉफ्टवेअर उघडलं, आणि त्यात आबांचं अर्धवट राहिलेलं ड्रॉइंग जसंच्या तसं समोर आलं. आबांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, संपलं आता आपलं," ते म्हणाले.

मी खुशीत होते. आमच्या कंपनीत जो भाग पुन्हा मिळेल याची खात्री नसते तो एकटा कधीच घेत नाहीत, एक स्पेअर कपाटात असतोच. मी दुकानदाराला आणखी एक बोर्ड बांधायला सांगितलं. आबांनी हात आडवा धरला आणि त्याला विचारलं, हा एक किती वर्षं चालंल? नीट वापरला तर सात-आठ वर्षं कुठं जात नाही काका, तो म्हणाला.

आबांनी क्षणभर विचार केला. दुःखानं वगैरे नाही, मटेरियल किती लागेल याचा अंदाज घ्यावा तसा. "मंग एकच बास," ते म्हणाले.

दुकानदार खाली पाहून वायर गुंडाळायला लागला. मला भयंकर राग आला, आणि तो त्या दुकानात दाखवायचा नव्हता. मी म्हटलं, "दोनच द्या."

"दुसऱ्याचं काय करनार तू?"

"मी ड्रॉइंग काढायला शिकणार आहे," मी म्हणाले. तोंडातून बाहेर पडेपर्यंत हे मलाही माहीत नव्हतं.

आबांनी दुसरा खोका स्वतः उचलला. "सकाळच्याला येत जा मग," ते म्हणाले. "दुपारी मला झोप येती."